सहीवर सही

"ताई, म्हणजे हा दाखला खरा आहे असं सरकार लिहून देणार ना?" माझ्यासमोर फाइल ठेवणाऱ्यांपैकी बरेच जण हे विचारतात आणि मी "नाही" म्हटलं की चमकून बघतात. एवढे पैसे घेता, एवढे शिक्के आणून देता, आणि खरं असल्याचं कुणीच लिहून देणार नाही?

नाही देणार. जन्मदाखल्यावर गावच्या ग्रामसेवकाची सही असते. मुंबईत मंत्रालयातला अधिकारी त्यावर एवढंच म्हणतो की ही सही त्या हुद्द्यावरच्या माणसाची आहे. परराष्ट्र मंत्रालय म्हणतं, मंत्रालयातल्या साहेबांची सही आमच्याकडच्या नमुन्याशी जुळते. वकिलात म्हणते, परराष्ट्र मंत्रालयाची सही आमच्या ओळखीची आहे. कागद कुवेतला उतरला की तिथलं परराष्ट्र खातं म्हणतं, आमच्या वकिलातीची सही बरोबर आहे. प्रत्येक सही फक्त आपल्या मागच्या सहीबद्दल बोलते. ते मूल त्या तारखेला, त्या आईच्या पोटी जन्मलं का, याबद्दल ग्रामसेवकानंतर कुणी चकार शब्द काढत नाही. मडक्यांची उतरंडच ही. वर कितीही चकचकीत भांडं ठेवा, भार सगळा तळाच्या मडक्यावर. आणि तळाला असते ग्रामपंचायतीच्या कपाटातली वही.

फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस आहे. खाली झेरॉक्स, बाजूला नोटरी, वर आम्ही. मी इथे लागले तेव्हा सगळे कागद दिल्लीला जायचे. टिळक मार्गावर पतियाळा हाऊसच्या आवारात परराष्ट्र मंत्रालयाची खिडकी होती आणि आमचा एक माणूस पहाडगंजात खोली घेऊन कायमचा पडून असायचा. जुलै २०१२ पासून ती खिडकी बंद झाली; मंत्रालयाने नेमलेल्या एजन्स्यांमार्फतच कागद द्यायचे असं ठरलं. मग जानेवारी २०१९ पासून हे काम वेगवेगळ्या शहरांत वाटून दिलं आणि मुंबईचे कागद वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात होऊ लागले. पहाडगंजातला माणूस परत आला. आता तो डिलिव्हरी बघतो आणि दिल्लीच्या थंडीच्या गोष्टी सांगतो.

अपोस्टिल म्हणजे काय ते लोकांना सांगताना मी एक जुना स्टिकर पुढे करते. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेगमध्ये एक करार झाला. करारातल्या देशांनी एकमेकांच्या कागदांवर वकिलातीचे शिक्के मागायचे नाहीत, त्याऐवजी कागद जिथला असेल त्या देशाने एकच प्रमाणपत्र, म्हणजे अपोस्टिल, लावायचं, असं त्यात ठरलं. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला. प्रमाणपत्र चौकोनी, बाजू किमान ९ सेंटिमीटरची, आणि शीर्षक फ्रेंचमध्येच. खाली दहा रकाने: देश कोणता, सही कुणाची, कुठल्या नात्याने केली, शिक्का कुणाचा, प्रमाणित कुठे केलं, कधी, कुणी, नंबर काय, मग शिक्का आणि सही. मजकूर खरा आहे असं सांगणारा अकरावा रकाना नाही. करारातच तसं स्पष्ट लिहिलेलं आहे: सही अस्सल, सही करणाऱ्याचा हुद्दा बरोबर, शिक्का त्याच कचेरीचा. बस. मला या करारातला हा प्रामाणिकपणा आवडतो. लोकांना मात्र तो फसवणुकीसारखा वाटतो. एका अपोस्टिलला सरकारी शुल्क ५० रुपये आणि वर एजन्सीचे थोडे. आमचं बिल बघून त्या ५० रुपयांची आठवण करून देणारेही भेटतात. उरलेले पैसे आमच्या माणसांच्या रांगेत उभं राहण्याचे, कुरियरचे आणि खेपांचे असतात, हे मी सांगते. त्यांना ते पटतंच असं नाही.

आता तळाच्या वहीकडे येते.

दापोली तालुक्यातला एक खलाशी आमच्याकडे आला होता. जहाजावर वर्षानुवर्षं काढलेला माणूस, आता स्पेनमध्ये राहण्याचा परवाना मिळत होता आणि त्यासाठी अपोस्टिल केलेला जन्मदाखला हवा होता. पासपोर्टवर जन्मतारीख १ जून १९७८. मी तारीख बघूनच म्हटलं, "दाखला काढलाय का गावातून?" तो म्हणाला, "नाही, पण काढू की, त्यात काय."

१ जून ही महाराष्ट्रात जन्मतारीख नसते, तो शाळेचा हिशेब असतो. शाळा जूनमध्ये भरायची, मूल सहा वर्षांचं दाखवायचं, बापाला तिथी आठवत असायची पण तारीख नाही. मास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे. सरकारी नोकरीतले किती लोक ३१ मेला निवृत्त होतात ते बघा म्हणजे कळेल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून पासपोर्ट निघाला, पासपोर्टवरून सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, तिच्यावरून बँक, विमा, सगळं.

त्याच्या भावाबरोबर मी ग्रामपंचायतीत गेले. एरवी आम्ही गावापर्यंत जात नाही, पण मला त्याच आठवड्यात रत्नागिरीला दुसरं काम होतं. ग्रामसेवक भला माणूस होता. आता त्या हुद्द्याचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात. त्याने कपाटातून वही काढली. कापडी पुठ्ठ्याची, पाठ उसवलेली, पानांच्या कडांना सेलोटेप लावलेला, आणि तो सेलोटेप पिवळा पडून आता पानापेक्षाही ठिसूळ झालेला. निळ्या शाईचे रकाने. गंमत अशी की चार-पाच जन्म एकाच दिवशी नोंदवलेले, मग मधे काही दिवस कोरे, मग पुन्हा चार-पाच. भाऊसाहेब म्हणाले, बाजाराच्या दिवशी लोक खाली यायचे तेव्हाच नोंद करायचे. खलाशाची नोंद सापडली. बापाचं नाव, आईचं नाव, वाडीचं नाव, लिंग पुरुष. तारीख सप्टेंबर १९७७ची. आणि मुलाच्या नावाच्या जागी एक आडवी रेघ.

ही रेघ आमच्या धंद्यातली नेहमीची. बारशाच्या आधी नोंद व्हायची, बारशानंतर नाव सांगायला परत कुणी यायचं नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने नाव मागाहून घालता येतं, त्याला १५ वर्षांची मुदत आहे, आणि ती उलटून गेलेल्यांसाठी सरकार अधूनमधून मुदत वाढवून देतं. मुदत चालू असेल तर काम होतं, नाहीतर परिपत्रकाची वाट बघत बसायचं. खलाशाचं नशीब, त्या वेळी चालू होती. नाव लागलं, दाखला मिळाला, वरचे शिक्के झाले.

पण त्याने काही वर्षांपूर्वी कुठल्याशा कोर्ससाठी शाळेच्या दाखल्यावरही अपोस्टिल करून घेतलं होतं. ते दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा, दोन्हींच्या पाठीवर तोच स्टिकर, दोन्ही ऑनलाइन तपासले तर बरोबर. आणि दोन्ही खरोखर बरोबर होते. हेडमास्तरांची सही अस्सल, भाऊसाहेबांची सही अस्सल. कुणी काही खोटं केलेलं नव्हतं. खलाशी दोन्ही कागद हातात घेऊन म्हणाला, "मग माझं वय किती धरायचं?" स्पेनचा वकील जन्मदाखल्याशिवाय हलायला तयार नव्हता, म्हणून खलाशाने पासपोर्टच बदलायचा ठरवला, मग सीडीसी, मग बँक, आणि ते अजून चालू आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदललाय. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळेत घालायचं झालं तरी जन्मदाखलाच चालेल. म्हणजे १ जूनवाले आता आटत जातील. तोवर आमचं दुकान चालेल.

तारखेनंतर नावं. परदेशातल्या अर्जात दोन रकाने असतात, नाव आणि आडनाव. आपल्याकडे मधे बाप किंवा नवरा उभा असतो. त्यात बापही एकाच नावाचा नसतो. शाळेत बाळू, सातबाऱ्यावर बाळासाहेब, आधार कार्डावर बाळकृष्ण. बायकांचं तर विचारू नका. काही घरांत लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहितात. आडनाव बदलतं, मधला बाप जाऊन नवरा येतो, आणि पहिलं नावही बदलतं. म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेवरची मुलगी आणि पासपोर्टवरची बाई यांच्यात एक अक्षर जुळत नाही. मग राजपत्रात नाव छापून आणायचं, लग्नाचा दाखला काढायचा. तो १९९८च्या कायद्याप्रमाणे 'नमुना ई'त मिळतो. त्याच्या अर्जावर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते, सोबत लग्नपत्रिका लागते. वीस वर्षांनी नोंदणी करायला आलेल्यांचे भटजी बहुतेक देवाघरी गेलेले असतात आणि पत्रिका माळ्यावर उंदरांनी खाल्लेली असते. मग प्रतिज्ञापत्र. आपल्याकडे जे हरवतं त्याच्या जागी प्रतिज्ञापत्र उगवतं.

एवढं सगळं जुळवूनही काम अडतं ते प्लास्टिकपाशी. स्टिकर मूळ कागदाच्या पाठीवर चिकटवतात आणि शिक्काही कागदावरच उमटायला हवा. आपल्याकडे पोरगी पदवीधर झाली की बाप पहिलं काय करतो, तर पदवी लॅमिनेट करून आणतो. कोकणात तर विचारायलाच नको. दमट हवा, कसर, बुरशी. लॅमिनेशन म्हणजे जपणं, अशी पक्की समजूत. त्या बापाला "हे काढावं लागेल" असं सांगायचं काम माझ्याकडे असतं.

काढतात आमचे काका. ते पूर्वी एका छापखान्यात बाइंडिंग करायचे. खेडच्या एका चाचांनी मुलीची नर्सिंगची पदवी आणली होती, तिला बहरीनच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. काकांनी आधी कागद उजेडासमोर धरून पाहिला. प्लास्टिकची कड कागदाच्या बाहेर आहे का, कागद जाड आहे का, शिक्क्याची शाई रबरी शिक्क्याची आहे की छापील. शाई शिक्क्याची असेल तर ती कागद सोडून प्लास्टिकबरोबर निघून येते, मग उरतो तो नुसता पाठकोरा. इथे कुलसचिवांची सही छापील होती, विद्यापीठाची मुद्राही. काकांनी पंखा बंद करायला लावला. बाहेरची कड ब्लेडने कापली, एका कोपऱ्यावर हेअर ड्रायर धरला, गोंद सैल होईपर्यंत. मग कागद टेबलावर सपाट दाबून धरून प्लास्टिक मागे वळवत वळवत ओढलं. "कागद उचलायचा नाही," ते मला नेहमी सांगतात, "प्लास्टिक उचलायचं. कागद हलला की गेला." बोटभर निघालं की पुन्हा ड्रायर. चाचा दारात पाठ करून उभे होते. पाठीकडची बाजू निघाली, पुढची तशीच ठेवली. स्टिकरला पाठ पुरते. चाचांनी पाठ हातात घेऊन बोट फिरवलं आणि विचारलं, "आता पाणी लागलं तर?" काका म्हणाले, "आता पाण्यापासून लांब ठेवा, चाचा. पूर्वी ठेवायचे तसं."

प्रत्येक वेळी जमत नाही. जमणार नसेल तर काका हात लावत नाहीत, आणि मग विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवायची. तिच्यावर 'द्वितीय प्रत' छापलेलं असतं, आणि पहिली कुठे गेली हे परदेशातला माणूस विचारतोच.

पदव्यांच्या बाबतीत मात्र माझं सुरुवातीचं बोलणं थोडं आवरायला हवं. तिथे मंत्रालयाच्या आधी विद्यापीठाची पडताळणी होते, म्हणजे कुणीतरी खरोखर दफ्तर उघडून बघतं. एका तरुणाची बाहेरच्या राज्यातली अभियांत्रिकीची पदवी आम्ही पडताळणीला पाठवली आणि उत्तर आलं, या क्रमांकाची नोंद नाही. तो ओरडला नाही. त्याने फाइल उचलली आणि विचारलं, "बाहेर एक जण दोन दिवसांत सगळे शिक्के करून देतो म्हणतो, त्याच्याकडे देऊ का?" असे लोक आहेत. बनावट स्टिकर त्यांच्याकडे मिळतो. पण खऱ्या स्टिकरवरचा नंबर आता कुणालाही ऑनलाइन तपासता येतो, त्यामुळे पूर्वीसारखं खपत नाही.

आखाताचा हिशेब सारखा बदलतो. ओमान २०१२ सालीच करारात आला, बहरीन पुढच्या वर्षी. सौदी अरेबियात करार ७ डिसेंबर २०२२ला लागू झाला आणि वकिलातीच्या दाराशी चालणाऱ्या आमच्या कामाचा मोठा तुकडा एका रात्रीत गेला. कॅनडा ११ जानेवारी २०२४ला आला. दुबई-अबुधाबी, कुवेत आणि कतार अजून बाहेर आहेत, म्हणून वकिलातीची फी भरणं चालूच. लोकांच्या मनातून मात्र जुनी पद्धत जात नाही. सौदीला जाणारा अजूनही म्हणतो, "एम्बसीचा शिक्का पण मारून द्या ताई, उगाच तिकडे अडायला नको." मी सांगते की लागत नाही. त्याला वाटतं मी आळशी आहे.

जर्मनीची गोष्ट मात्र वेगळीच. भारत करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे आपल्या दाखल्याच्या पाठीवरच्या स्टिकरला तिथल्या कचेऱ्या विचारत नाहीत. २०२४ साली आपल्या राज्य सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून जर्मनीबद्दलचे फोन वाढले, आणि प्रत्येकाला हे नव्याने सांगावं लागतं. तिथल्या कचेरीला शंका असेल तर ती इथल्या त्यांच्या वकिलातीला कळवते, आणि वकिलात एका वकिलाला थेट गावात पाठवते. तो सह्यांच्या नमुन्यांकडे जात नाही. तो वही उघडायला सांगतो. खर्च अर्जदाराच्या माथी.

कऱ्हाड तालुक्यातल्या एका मुलाचं तिकडच्या मुलीशी लग्न ठरलं होतं. तिथल्या विवाह नोंदणी कचेरीने जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा पुरावा मागितला. दुसऱ्या कागदाची गंमत अशी की 'लग्न झालेलं नाही' याची वही जगात कुठेच नसते. आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र करायचं, एवढंच. आम्ही कागद लावून दिले, भाषांतर करून दिलं, आणि मुलाच्या आईला सांगितलं की एक वकील येईल, जे आहे ते सांगा.

वकील आला. ग्रामपंचायतीत वही पाहिली, शाळेत गेला, आणि मग आळीत विचारायला लागला, "यांच्या मुलाचं लग्न झालंय का हो?" शहरी कपडे, हातात फाइल, आणि तोंडात हा प्रश्न. आळीने काय समजायचं ते समजलं. शेजारच्या काकूंनी त्याला ओट्यावर बसवलं. "न्हाई झालं अजून. पोरगं लई गुणाचं हाय. चार एकर बागायत हाय, हिरीला पानी हाय, पोरगं परदेशात असलं तरी देवाधर्माचं हाय. मुलगी कुठली म्हनायची तुमची?" समोरच्या म्हातारबुवांनी वर जोडलं की हुंडा-बिंडा काही नको. वकिलाने सगळं लिहून घेतलं म्हणे. मुलाच्या आईने रात्री मला फोन केला, हसू आणि काळजी एकाच आवाजात. "ताई, आता अख्ख्या आळीला वाटतंय स्थळ आलं. दोघी-तिघी फोटो घेऊन येऊन गेल्या. आणि वकिलाला चहा दिला तर त्यानं घेतला नाही. राग आला असंल का?"

मी म्हटलं, चहा न घेणं नियमात असेल. प्रतिज्ञापत्रात आईवडिलांनी शपथेवर जे सांगितलं होतं, ते आळीने शपथ न घेता जास्त ठामपणे सांगितलं होतं.

अहवाल आम्हाला बघायला मिळत नाही; तो परस्पर जर्मन कचेरीकडे जातो. काही आठवड्यांनी मुलाचाच मेसेज आला की तारीख मिळाली, आणि खाली पत्रिका. महिन्याचा हिशेब करताना आमच्या ऑफिसच्या साहेबांनी त्या फाइलवर बोट ठेवलं. भाषांतराचे पैसे आणि कुरियर, एवढंच जमा. "शिक्का एकही नाही?"

"नाही."

"मग आपण नक्की काय करून दिलं?"

मी पत्रिकेची प्रिंट फाइलला पिन केली आणि फाइल 'पूर्ण झालेली'च्या गठ्ठ्यात टाकली. तिकडच्या लग्नाचा दाखला इकडे दाखवायची वेळ येईल तेव्हा तो तिथल्या आपल्या वकिलातीतून प्रमाणित होऊन यावा लागेल. त्याची चौकशी करायला मुलगा पुन्हा फोन करेल. साहेबांना मी तेवढंच सांगितलं.